खांडस ते भीमाशंकर : पायथ्याच्या जंगलवाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत तालुक्यातील खांडस गावातून भीमाशंकरला चढणाऱ्या वाटा आणि त्यांच्या आजूबाजूचे पायथ्याचे जंगल यांविषयी नवे-जुने पदभ्रमंती करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांपासून जवळ असल्यामुळे या वाटा सोप्या असाव्यात असा समज पसरला आहे. दरवर्षी माणसे वाट चुकतात किंवा पाण्यावाचून अडकतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच समज असतो. म्हणूनच काही उत्तरे मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत.

खांडसहून वर जाणाऱ्या वाटा किती आणि त्यांत फरक काय?

प्रचलित वाटा दोन आहेत : गणेश घाट आणि शिडी घाट. खांडस गावातून डोंगराच्या दिशेने निघाल्यावर एक लहान पूल लागतो. तेथून उजवीकडची वाट गणेश घाटाकडे आणि डावीकडची शिडी घाटाकडे जाते.

गणेश घाट लांबचा आणि वळणावळणाचा असला तरी त्याचा चढ अंगावर येत नाही. वाटेवर गणपतीचे छोटे मंदिर आहे. ते मागे टाकल्यावर पदरगड या किल्ल्याच्या कुशीतून वाट वर सरकते. मधल्या विश्रांतीसह वर पोहोचण्यास पाच ते सहा तास धरावेत. शिडी घाट अंतराने कमी आहे, पण तो उभ्या कातळाला भिडतो. तेथे लोखंडी शिड्या चढाव्या लागतात आणि शिड्यांच्या मधल्या टप्प्यांत एका बाजूला दरी ठेवून, हाताने खोबण्या धरत पुढे सरकावे लागते. सराव असलेल्या माणसाला हा मार्ग तीन-चार तासांत पार करता येतो.

दोन्ही वाटा डोंगराच्या मध्यावरील दाट झाडीच्या सपाटीवर, म्हणजे पदरावर, पदरवाडीजवळ एकत्र येतात. तेथून भीमाशंकरपर्यंतचा उरलेला चढ दोघांनाही सारखाच आहे आणि तो पूर्णपणे जंगलातून जातो. खांडस समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर आहे आणि मंदिराचा परिसर हजार मीटरच्या जवळपास आहे. एका सकाळी आठशे मीटरहून अधिक उंची चढायची आहे, हे निघण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने कोणती वाट निवडावी?

गणेश घाट, आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. शिडी घाटाने चढून त्याच वाटेने उतरण्याचा बेत नवख्यांनी करूच नये, कारण शिडीवर चढताना जे पाऊल सहज पडते तेच उतरताना डोळ्यांना दिसत नाही. अनुभवी मंडळींनीही शिडी घाटाने चढून गणेश घाटाने उतरावे, हेच शहाणपणाचे.

सर्वांत चांगला काळ कोणता?

प्रत्येक ऋतूत या जंगलाचे रूप वेगळे असते, त्यामुळे आपण कशासाठी जात आहोत यावर उत्तर अवलंबून आहे. ऑक्टोबरात ओढे अजून वाहते असतात, गवत कमरेपर्यंत वाढलेले असते आणि उन्हाचा चटका मात्र अनपेक्षितपणे तीव्र असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा कोरडी होते, वाट स्पष्ट दिसू लागते आणि सकाळचा गारवा दहा वाजेपर्यंत टिकतो. चालण्यासाठी हाच काळ उत्तम. फेब्रुवारीनंतर पायथ्याचे पानझडी जंगल उघडे पडते. साग, ऐन, बोंडारा यांची पाने खाली आलेली असतात, पळस आणि पांगारा फुललेले असतात, पण सावली उरत नाही आणि वाळक्या पानांच्या थरावरून पाय घसरतो.

मार्च ते मे या काळात पायथ्याची उष्णता दमट असते. घाम येत राहतो, पण तो सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. या दिवसांत पहाट होताच चालणे सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी पदर गाठता येत नसेल, तर बेत रद्द करणेच योग्य. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या सरींच्या आसपास ठरावीक झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. ते लुकलुकणे नर-मादीचे एकमेकांना शोधणे असते, त्यामुळे त्या झाडांवर विजेरी किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मारणे म्हणजे त्यांच्या वर्षभरातील एकमेव संधीत अडथळा आणणे होय.

पावसाळ्यात जाऊ नये का? सगळे तर तेव्हाच जातात.

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे सारे पाणी कोकणच्या बाजूला ज्या नाळांतून, म्हणजे अरुंद घळींतून, आणि ओढ्यांतून उतरते, त्यांच्याच कडेने किंवा त्यांना ओलांडून आपल्या वाटा जातात. खांडसमध्ये रिमझिम असताना वर माथ्यावर मुसळधार पाऊस सुरू असू शकतो आणि सकाळी घोट्याइतके पाणी असलेला ओढा दुपारी छातीइतका होऊ शकतो. परतताना असा ओढा आडवा आला, तर दोर टाकून ओलांडण्याचे धाडस करू नये. हे ओढे जसे चटकन चढतात तसेच पाऊस थांबल्यावर चटकन उतरतातही, म्हणून उंच जागी थांबून वाट पाहणे हाच मार्ग असतो.

शिडी घाट पावसाळ्यात पूर्णपणे टाळावा. कातळावर शेवाळ धरते, शिड्या निसरड्या होतात, काही ठिकाणी धबधब्याचे पाणी थेट वाटेवर पडते आणि वरून दगड सुटतात. गणेश घाटाने श्रावणात पुष्कळ भाविक आणि पदभ्रमंती करणारे जातात, परंतु त्यांनीही हवामान खात्याने रायगड किंवा पुणे जिल्ह्यासाठी लाल अथवा नारिंगी इशारा दिला असेल तर निघू नये.

दरडींचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही ठिकाणी सलग काही दिवस अतिवृष्टी झालेली होती. उतारावरची माती पाण्याने पूर्ण भरली की तिचा खालच्या कातळावरील आधार सुटतो. त्यामुळे पावसाळ्यात कड्याच्या अगदी पायाशी, नाळेच्या तोंडाशी किंवा नुकत्याच तोडलेल्या उताराखाली तंबू ठोकणे ही गंभीर चूक आहे.

जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे आणि काही वाटांवर मनाई आदेश काढते. असे आदेश दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाकडे चौकशी करावी आणि आदेश असेल तर तो पाळावा. आदेश मोडून गेलेल्यांना शोधण्यासाठी रात्री जंगलात उतरणारी माणसे त्याच गावांतली असतात.

भ्रमणध्वनीवर नकाशा असताना वाटाड्या कशाला हवा?

या वाटांची खरी अडचण चढ ही नाही, वाट सापडणे ही आहे. पायथ्याच्या जंगलात गुरे चरायला जातात, लाकूडफाटा आणायला माणसे जातात, त्यामुळे मूळ वाटेला दर शे-दोनशे पावलांवर ढोरवाटा फुटतात. त्यांतील पुष्कळ वाटा मुख्य वाटेपेक्षा अधिक मळलेल्या दिसतात आणि अर्ध्या तासानंतर एखाद्या गवताळ टेपाडावर किंवा कड्याच्या टोकावर जाऊन संपतात. उघड्या डोंगरधारेवर चुकलेला माणूस लांबवर पाहून दिशा ठरवू शकतो. दाट झाडीत ती सोय नसते. त्यातच अरुंद नाळेत आणि गर्द छायेत उपग्रहाचा संकेत डळमळीत होतो, आणि पदराच्या आसपास बऱ्याच ठिकाणी संपर्कच मिळत नाही. नकाशा आधी उतरवून घ्यावाच, परंतु एखाद्या अनोळखी माणसाने कधीतरी चालून नोंदवलेली रेघ पुढच्या पावसाळ्यानंतर तशीच असेल असे मानू नये, कारण दरवर्षी वाट कोठे तरी मोडते आणि गावकरी ती नव्याने पाडतात.

खांडस आणि पदरवाडीतील ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी समाजातील माणसे या डोंगरात लहानपणापासून वावरतात. कोणत्या ओढ्याला जानेवारीत पाणी असते, कोणत्या झाडावर आग्या मोहोळ बसले आहे, कोणत्या शिडीची पायरी ढिली झाली आहे, हे त्यांना त्या आठवड्याचे ठाऊक असते. मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा, तो घासाघीस न करता द्यावा आणि वाटाड्याच्या जेवणाची व परतीची सोय आपण करावी. मोठा गट असेल तर दोन वाटाडे घ्यावेत, एक पुढे आणि एक मागे. वाटाड्याने परत फिरा असे सांगितल्यावर त्याच्याशी वाद घालणाऱ्या गटप्रमुखाबरोबर आपण पुढच्या वेळी जाऊ नये.

वाट चुकलो असे वाटल्यास काय करावे?

थांबावे. शेवटची खात्रीची खूण कोणती होती, मंदिर, ओढा, मोठे झाड, रंगवलेला बाण, ते आठवून गटाने एकत्र तेथपर्यंत मागे जावे. खाली उतरत गेलो की गाव लागेलच, हा तर्क सह्याद्रीत घातक ठरतो, कारण येथील डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून घडलेला आहे. प्रत्येक थराची कडा उभी तुटलेली असते आणि वरून पाहताना झाडीमुळे ती दिसत नाही. ओढ्याच्या पात्रातून उतरणारा माणूस हमखास अशा एखाद्या कड्याच्या तोंडाशी येऊन अडकतो. अंधार पडला असेल तर आहे तेथेच रात्र काढावी, सगळ्यांनी एकत्र बसावे, शिट्टीचे तीन-तीन आवाज ठरावीक वेळाने द्यावेत आणि भ्रमणध्वनीची वीज जपून ठेवावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव यंत्रणाही आहे, परंतु तिला आपल्यापर्यंत पोहोचण्यास अनेक तास लागतात. त्यामुळे कोठे जात आहोत, कोणत्या घाटाने, किती जण आणि किती वाजेपर्यंत परत, हे घरी आणि खांडसमध्ये कोणाजवळ तरी लिहून ठेवलेले असणे आवश्यक आहे.

या जंगलात काय पाहावे?

चढता चढता जंगल बदलते आणि तेच या वाटेचे सर्वांत मोठे वैभव आहे. खाली साग, खैर, ऐन, मोह आणि कुडा असे पानझडी वृक्ष आहेत. पदरावर हिरवा रंग गडद होतो आणि माथ्याजवळ जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांचे सदाहरित, एकमेकांत फांद्या गुंतलेले छत सुरू होते. कारवीची झुडपे उतारभर आहेत. ती सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलतात, आणि बाकीच्या वर्षांत त्यांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच छतात राहतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत फिरतो, म्हणून त्याला सलग फांद्यांचे जंगल लागते. एक शेकरू उंच झाडांवर अनेक घरटी बांधतो, आणि त्यांतील सगळी एकाच वेळी वापरात नसतात. शेकरू पाहायचा असेल तर सकाळी लवकर, बोलणे बंद ठेवून, वर पाहत उभे राहावे. त्याचा खडखडाटी आवाज आधी ऐकू येतो. त्याला बिस्किटे किंवा शेंगदाणे घालू नयेत. भेकर, सांबर, रानडुक्कर आणि बिबट्या यांचाही येथे वावर आहे, पण दिवसा माणसांच्या वाटेवर ते सहसा दिसत नाहीत. पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घातल्यासारखे लांबलचक सूर ऐकू आले, तर तो शीळकरी कस्तूर पक्षी असतो.

भर पावसात या जंगलातील कुजलेल्या लाकडावर वाढणारी काही बुरशी रात्री हिरवट प्रकाश देते. हे खरे आहे आणि विलक्षण सुंदरही आहे, मात्र केवळ तेवढ्यासाठी अभयारण्यात रात्री विनापरवाना शिरणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पायांखाली तीच बुरशी आणि तेच लाकूड तुडवले जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

साप, मधमाश्या आणि खाजकुयली यांपासून कसे जपावे?

तिन्हींत सर्वांत मोठा धोका मधमाश्यांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आग्या मोहोळ उंच कड्याला किंवा मोठ्या झाडाला असते. धूर, तीव्र सुगंधी द्रव्ये, आरडाओरडा आणि दगडफेक यांनी ते उठते. मधमाश्या उठल्या तर हातवारे न करता, चेहरा झाकून, दाट झुडपांकडे वेगाने दूर जावे. पण कड्यावर किंवा शिडीवर असताना पळू नये, कारण अशा वेळी दंशापेक्षा पडण्याने अधिक इजा होते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप पायथ्याच्या भागात आढळतात. घोट्यावरचे बूट, लांब पँट आणि हातात काठी एवढे पुरेसे आहे. दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नये आणि पडलेल्या लाकडावर न पाहता बसू नये. दंश झाल्यास जखमेवर काप देऊ नये, रक्त चोखू नये आणि घट्ट आवळपट्टी बांधू नये. अंगठी व कडे काढावे, दंश झालेला अवयव पट्टी-काठीने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचवावे.

खाजकुयलीच्या शेंगांची लव हिवाळ्यात वाऱ्यानेही अंगावर येते. ती चोळू नये. चिकटपट्टी लावून उपसावी आणि मग पाण्याने धुवावी.

सोबत काय न्यावे?

प्रत्येकी तीन ते चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटे, सकाळ आणि दुपार पुरेल असा कोरडा शिधा, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, नेहमीची औषधे, चांगल्या पकडीचे बूट आणि पावसाळ्यात सुक्या कपड्यांचा वेगळा जोड. विजेरी दिवसाच्या चढाईलाही घ्यावी, कारण उशीर कोणी ठरवून करत नाही.

जेवणाची आणि मुक्कामाची सोय आहे का?

खांडस आणि पदरवाडीत आधी सांगितल्यास घरगुती जेवण मिळते : भाकरी, पिठले, ठेचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर शेवळे, भारंगी, टाकळा यांसारख्या रानभाज्या. ऐनवेळी वीस माणसांनी दारात उभे राहून जेवण मागू नये. शिधा बाजारातून आणावा लागतो आणि बाजार जवळ नाही. मुक्काम गावात करणे सर्वांत उत्तम. वर भीमाशंकर येथे भक्तनिवास आणि खासगी निवासस्थाने आहेत, पण महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे जागा मिळण्याची आशा धरू नये. जंगलात तंबू ठोकून शेकोटी पेटवणे मात्र येथे चालत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

परवानगी लागते का? कोणते नियम पाळावे लागतात?

भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील प्रवेशाचे नियमन वनविभाग करतो आणि तेथे आग लावणे हा गुन्हा आहे. नाक्यावर मागितलेले शुल्क भरावे, पावती घ्यावी आणि रात्रीचा मुक्काम किंवा आडवाटेने जायचे असल्यास लेखी परवानगी आधीच मागावी. एखाद्या संस्थेबरोबर पैसे भरून जात असाल, तर तिने राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी केली आहे का, तिच्याकडे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का आणि एका प्रमुखामागे किती जण आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आगीबद्दल थोडे अधिक. फेब्रुवारीनंतर लागणारा वणवा वाळलेल्या गवतातून मिनिटांत उतार चढतो आणि जमिनीलगतची रोपे, पक्ष्यांची घरटी, सरपटणारे जीव जाळून टाकतो. मोठी झाडे वाचतात, म्हणून जंगल शाबूत आहे असे आपल्याला वाटते, पण पुढची पिढी जळालेली असते. विझलेली वाटणारी चूल आणि फेकलेले सिगारेटचे थोटूक यांतूनही ही आग पेटते. त्याचप्रमाणे हिरडा, आवळा, करवंद, मध यांना हात लावू नये. आंबेगाव आणि जुन्नर भागांतील महादेव कोळी कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न मोठ्या प्रमाणात बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांवर, चालते.

मुलांना किंवा ज्येष्ठांना घेऊन जाण्याजोगी जवळपास दुसरी वाट आहे का?

आहे. आंबिवलीहून कोथळीगडाची, म्हणजे पेठच्या किल्ल्याची, वाट बऱ्यापैकी रुंद आणि स्पष्ट आहे. मध्यावर पेठ हे गाव आहे आणि माथ्याच्या सुळक्यात आतून कोरून काढलेला जिना आहे, जो पाहून दहा-बारा वर्षांची मुले हरखून जातात. दुसरी बाजू निवडायची असेल तर घाटमाथ्यावरून भोरगिरी ते भीमाशंकर ही वाट तुलनेने सौम्य चढाची असून तिच्यावर सावली भरपूर आहे.

अनुभवींसाठी याच रांगेत मुरबाड तालुक्यातील खोपिवलीहून चढणारा आहुपे घाट आणि सिद्धगड आहेत. सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक तेथे आहे आणि दरवर्षी त्या दिवशी परिसरातील लोक अभिवादनासाठी जमतात. पदरगडाचा माथा मात्र दोर आणि प्रस्तरारोहणाचे प्रशिक्षण असल्याशिवाय गाठू नये.

देवदर्शनासाठी चढणाऱ्यांबरोबर चालताना काय लक्षात ठेवावे?

ही वाट पदभ्रमंतीच्या छंदाआधीची आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांपैकी ती एक, आणि पदरगड हा तिच्यावर नजर ठेवणारा किल्ला. खालच्या गावांतील माणसे आजही महाशिवरात्रीला या वाटेने ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला चढतात. त्यांना आधी वाट द्यावी, मोठ्याने गाणी लावू नयेत आणि मंदिराच्या आवारात पोशाखाचे भान ठेवावे. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा मंदिरासमोर आहे. ती अवश्य पाहावी. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ओळखली जाणारी भीमा नदी याच डोंगरावर उगम पावते.

जाण्या-येण्याची व्यवस्था कशी आहे?

मध्य रेल्वेच्या नेरळ किंवा कर्जत स्थानकावर उतरून कशेळेमार्गे खांडसला जाता येते. सामायिक जीप आणि रिक्षा मिळतात, पण पहाटे त्या कमी असतात, म्हणून गटाने वाहन आदल्या दिवशी ठरवावे. उतरण्याची ताकद किंवा वेळ नसेल, तर भीमाशंकरहून मंचरमार्गे पुण्याला जाणारी एस.टी. पकडता येते. शेवटच्या गाडीची वेळ वर पोहोचताच स्थानकात विचारून घ्यावी. पायीच उतरायचे असेल तर दुपारी बारापर्यंत परतीला लागावे आणि तोपर्यंत माथा गाठला नसेल, तर पदरवाडीतूनच मागे फिरावे.